वैशाखातला वाडा

दिवाळीच्या अंकात ही बाई उन्हाळ्याचे काय घेऊन बसली, असे वाचकांना वाटेल. नागपूरकराला मात्र तसे वाटणार नाही. आमच्याकडे उन्हाळा पंचांगाप्रमाणे संपत नाही. तो दिवाळीच्या साफसफाईत संपतो. त्या दिवसांत खिडकीतला कूलर खाली उतरतो, त्याच्या ताट्यांतले काळवंडलेले गवत काढून अंगणात झटकले जाते, टाकीच्या तळाशी बसलेला क्षार खरवडला जातो, आणि मग तो अजस्र पत्र्याचा पेटारा माळ्यावर किंवा जिन्याखाली जाऊन झोपतो. फेब्रुवारी सरता सरता त्याला पुन्हा उठवायचे असते. म्हणजे वर्षातले जेमतेम चार महिने काय ती त्याला विश्रांती!

गेल्या दिवाळीत हा पेटारा माळ्यावर चढवताना तेथे दुसरीच एक पेटी सापडली. तिच्यात माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे आम्हां सर्वांच्या आबांच्या, हिशेबाच्या वह्या होत्या. आबा कचेरीत कारकून होते आणि घरातही कारकूनच होते. दीड दमडीची कोथिंबीर आणली तरी ती वहीत चढायची. वाळवीने बऱ्याच वह्या खाल्ल्या होत्या. 1949 ची मात्र जवळजवळ धडकी निघाली. फराळाचे टाकून मी ती वही वाचीत बसले, आणि त्या वर्षीच्या चकल्या बिघडल्या त्या त्यामुळेच.

नागपूरच्या इतिहासाची पुस्तके मी शाळेत शिकवण्याच्या निमित्ताने पुष्कळ वाचली आहेत. गोंड राजा बख्तबुलंद याने 1702 च्या सुमारास हे गाव वसवले. पुढे रघूजी भोसल्यांनी येथे आपली गादी आणली. 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. तिसरे रघूजी निवर्तल्यावर डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले. 1867 मध्ये आगगाडी आली. 1877 च्या 1 जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सगळे खरे आहे. पण या साऱ्या इतिहासात कोणालाही घाम येत नाही. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबरात झाली, तेव्हा तिला क्षमा. पण बाकीच्या अडीचशे-तीनशे वर्षांत या गावाने तितकेच उन्हाळे काढले, आणि ते कसे काढले याविषयी पुस्तके मौन पाळतात. आबांची वही तेवढी बोलते.

नागपूरच्या उन्हाळ्याला कारणे आहेत. समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर. इंग्रज मोजणीदारांनी आपला ‘झीरो माइल’चा दगड येथे रोवला, त्या अभिमानाची ही दुसरी बाजू: देशाच्या मधोमध बसलेल्याला कोणत्याच समुद्राचे वारे मिळत नाही. उंची समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडी वर, तेव्हा डोंगराचा गारवाही नाही. खाली काळा खडक. तो दिवसभर तापतो आणि रात्री आपली उधारी फेडत बसतो. मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आम्ही त्याची बातमीही करीत नाही. 2024 च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवले तेव्हा साऱ्या देशात गवगवा झाला. वेधशाळेने मग यंत्रातच बिघाड असल्याचे सांगितले. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “यंत्र बिघडलं नसेल हो, त्याला ऊन लागलं असेल.”

राज्यकर्त्यांनी यावर सोपा उपाय काढला होता: निघून जाणे. मध्यप्रांताचे इंग्रज सरकार उन्हाळा लागला की दप्तरे बांधून सातपुड्यातल्या पचमढीला जाई. पुढे 1956 मध्ये नागपूरची राजधानी गेली आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरास भरू लागले, तेही बहुतेक हिवाळ्यातच. सरकार गोऱ्यांचे असो की आपले, वैशाखात नागपुरास राहायचे नाही हे धोरण मात्र अबाधित राहिले. राहायचे कोणी? तर महाल, इतवारी, धंतोली येथल्या घराघरांतून दाटीवाटीने नांदणाऱ्या आमच्यासारख्यांनी.

आमचा वाडा महालात, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर होता. होता म्हणते, कारण आता तेथे तीन मजली इमारत आहे आणि तिच्यातल्या दोन खोल्या आमच्या आहेत. 1949 मध्ये त्या वाड्यात आबा धरून तीन भावांचे संसार, एक विधवा आत्या, आणि या सर्वांच्या वर पणजी, असे बिऱ्हाड होते. पोरे नऊ, त्यांतली सहा दहा वर्षांच्या आतली. उन्हाळ्यात माहेरवाशिणी येत, म्हणजे हा आकडा पंधरा-सोळावर जाई. माझी आजी मधली सून. तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती आणि तिला तीन मुले होती.

आता वहीच पाहा. चैत्रात पहिली नोंद कुंभाराची: रांजण 1, माठ 4, बोळकी 6. त्यानंतर वाळा. त्यानंतर बाजेसाठी सुतळी. मग भांड्यांना कल्हई, सोऱ्याला डाग, कुरडयांचा गहू. ही यादी वाचताना मला एखाद्या किल्ल्यावर वेढ्यापूर्वी केलेल्या तयारीची आठवण झाली. गोष्ट खरोखर तशीच होती. वैशाख हा शत्रू, वाडा हा किल्ला, आणि किल्लेदार पणजी.

वाळ्याच्या ताट्यांविषयी थोडे सांगते. हल्लीच्या मुलांना कूलर हा विजेचा चमत्कार वाटतो. पण त्यातली वीज काढून घेतली तर जे उरते ते फार जुने आहे. आइन-इ-अकबरीत वाळ्याच्या पडद्यांचा उल्लेख सापडतो. ओल्या वाळ्यातून गरम वारा गेला की पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते, ती उष्णता वाऱ्यातून काढून घेतली जाते आणि वारा थंड होतो. हवा जितकी कोरडी तितकी ही युक्ती चालते; म्हणून मुंबईला कूलर लावला तर नुसता दमट कोंदटपणा वाढतो आणि नागपुरास तोच अमृत वाटतो. इंग्रजांच्या बंगल्यांतून आणि कचेऱ्यांतून या ताट्यांवर पाणी मारायला भिस्ती असत, पंखा ओढायला पगारी माणूस असे. आमच्या वाड्यात भिस्ती कोण? तर सुना. दुपारी पुरुष मंडळी कचेरीतून येऊन माजघरात लवंडली की दर पंधरा-वीस मिनिटांनी एकीने उठायचे, लोटाभर पाणी ताटीवर शिंपडायचे आणि परत येऊन निवडणटिपण करीत बसायचे. आजी सांगे, “झोप लागली की ताटी वाळे, आणि ताटी वाळली की मामंजी खोकत.” त्या खोकल्याचा अर्थ साऱ्या घराला कळत असे.

पाणी म्हणजे तरी काय नळाचे नव्हे. अंबाझरीच्या तलावाचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातच नळाने शहरात येऊ लागले होते. पण ते उन्हाळ्यात रुसे, आणि पणजीला नळाच्या पाण्याचा विटाळही वाटे. म्हणून वाड्यातली विहीर. पहाटे चारला राहाटाचा करकर आवाज सुरू होई. एम्प्रेस मिलचा भोंगा होण्याच्या आत पिण्याचे पाणी भरून झाले पाहिजे, असा दंडक होता. या मिलविषयी एक गोष्ट मला नेहमी खटकते. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून टाटांनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली होती. म्हणजे या गावात यंत्राने गार केलेली हवा पहिल्याने मिळाली ती सुताला! आता मिलही नाही. तिच्या जागेवर मॉल उभा आहे आणि दुपारी कितीतरी बिऱ्हाडे काही विकत न घेता तेथे नुसती गारव्याला येऊन बसतात.

पहाटे पाणी भरून झाले की अंगणातल्या बाजा उचलायच्या, झोपलेल्या पोरांना फरफटत ओटीवर आणायचे, सडा घालायचा. सातला ऊन अंगणात उतरे. आठला दारे-खिडक्या बंद. जो आत तो आत, जो बाहेर त्याने सावलीला बसावे! या चार तासांच्या आत गच्चीवरची ‘उन्हाळी कामे’ उरकायची असत. गहू तीन दिवस भिजवलेला, वाटलेला, त्याचा चीक शिजवून सोऱ्याने कुरडया घालायच्या; मुगाच्या वड्या, तांदळाचे पापड, सांडग्या मिरच्या; आणि आमच्या विदर्भाचे खास म्हणजे सरगुंडे. कणकेची बारीक दोरी सरकाडीवर गुंडाळून वाळवायची. पुढे आंब्याच्या रसात ती शिजवलेली खायची. वर्षभराच्या पानातली डावी-उजवी बाजू या पंधरा दिवसांत गच्चीवर तयार होई. पोरांना कामे नेमून दिलेली असत: मोठ्यांनी कावळे हाकायचे, लहानांनी मोठ्यांवर लक्ष ठेवायचे, कारण गरम चीक चाटण्यात कावळ्यांपेक्षा तीच पुढे असत.

उन्हाने जे जळते त्याच उन्हाने वर्षाचे अन्न टिकवायचे, ही या गावच्या बायकांची युक्ती मला मोठी वाटते. पण त्या गच्चीवरच्या फरशीने पाय किती भाजत असतील याचा विचार मी लहानपणी कधी केला नाही. आजीच्या टाचांना भेगा होत्या; त्या थंडीच्या आहेत असे मला वाटे.

दुपार ही पोरांची शिक्षा. अकरा ते पाच माजघरात कोंडलेली नऊ ते सोळा पोरे आणि बाहेर लू. सागरगोटे, सोंगट्या, पत्ते, काचापाणी. आणि पणजी जरा घोरू लागली की रेसटीप. धान्याच्या कणगीत लपलेला माझा एक काका तेथेच झोपी गेला आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या महालात त्याचा शोध चालला होता. बाहेर पळू पाहणाऱ्या मुलाच्या खिशात आई कांदा घाली. कांद्याने ऊन लागत नाही ही समजूत. कांद्याने काय होते ठाऊक नाही, पण कांदा खिशात आहे म्हणजे आईला आपण जाणार हे कळले आहे, एवढे तरी त्याने सिद्ध होई. ऊन लागलेच, तर भाजलेल्या कैरीचा गर तळपायांना चोळायचा आणि त्याचेच पन्हे पाजायचे. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा, म्हणजे नऊ दिवस तर अंगणातल्या कुत्र्यालाही घरात घेत.

आंब्याचे काय सांगू! अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्यावाचून घरात आंबा खायचा नाही, हा नियम. त्या दिवशी पाण्याने भरलेली मातीची घागर पुजायची, तिच्यावर आंबा ठेवायचा, आणि मग जी मुभा मिळे ती मृगाच्या पावसापर्यंत. खेड्यावरून गावरान आंब्याची गाडी येई, गवतात आढी लागे, आणि तो वास माजघरात येऊन बसला की पोरांचे सागरगोट्यांवरून चित्त उडे. रस काढायला दोन सुना, पंक्तीला पहिल्याने पुरुष, मग पोरे, मग माहेरवाशिणी. सुनांच्या वाट्याला कोयी. आजी म्हणे, कोयीलाच खरी गोडी असते. मी पुष्कळ वर्षे हे खरे मानीत होते; लग्न होऊन चार घरच्या पंक्ती पाहिल्यावर समजले की ज्याला रस मिळत नाही त्यालाच कोय गोड लागते.

आणि मग रात्र. अंगणात पुन्हा सडा पडे, मातीचा वास सुटे, बाजा मांडल्या जात. आठ बाजा, त्यांवर वीस माणसे. आत्या सगळ्या पोरांना घेऊन आभाळ दाखवी: तो ध्रुव, ते सप्तर्षी, ती वसिष्ठाला बिलगलेली अरुंधती, आणि दक्षिणेकडे नांगी उभारलेला तो विंचू. शाळेत आज मी मुलांना वृश्चिक रास फळ्यावर काढून दाखवते, तेव्हा माझ्या हातात खडू असतो पण मनात ती बाज असते. कारण माझ्या लहानपणीही, 1980 नंतरच्या त्या वर्षांत, अंगण शिल्लक होते आणि आत्याची जागा आजीने घेतली होती.

येथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख गोड झाला असता. वाडा, आंबे, चांदण्या. दिवाळीच्या दिवसांत असे वाचायला बरे वाटते, आणि एकत्र कुटुंबाच्या आठवणी म्हणून आपण जे लिहितो ते बहुधा असेच असते. पण आबांची वही तसे करू देत नाही. 1949 च्या ज्येष्ठात एका पानावर ‘डॉक्टरांस दिले’ अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मग पुढचे अकरा दिवस पान कोरे. कोथिंबीरसुद्धा नाही. बाराव्या दिवशी ‘साखर’.

हे कोरे पान म्हणजे माझा एक काका. अडीच वर्षांचा होता. काका होण्यापूर्वीच गेला.

त्या काळी घरोघरी असे एकदोन काका असत. उन्हाळा म्हणजे नुसते ऊन नव्हे. पाणी आटे, विहिरीचा तळ दिसू लागे, माश्या होत, आणि ढाळ-वांती, पटकी, गोवर, देवी ही सारी पाहुण्यांच्या मागोमाग वाड्यात शिरत. देवीचा शेवटचा रोगी आपल्या देशात 1975 मध्ये आढळला. त्यापूर्वी दारावर कडुलिंबाचे डहाळे दिसले की लोक वळून दुसऱ्या बोळाने जात.

माझ्या या काकाला ढाळ लागले होते. आजीने हे मला एकदाच सांगितले, तेही मी मॅट्रिक झाल्यावर, गच्चीवर दोघीच होतो तेव्हा. म्हणाली, “पाणी मांगत होतं लेकरू. बोळकं दाखवून मांगत होतं. सासूबाई म्हणाल्या, देऊ नको, पाणी पोटात गेलं की पुन्हा ढाळ होतात. डॉक्टरही तेच बोलले, पोटाला विश्रांती द्या. मी नाही दिलं बाई. घरात रांजण भरलेला. चार माठ भरलेले. ताटीवर मी लोटा लोटा ओतत होते त्या दिवशीसुद्धा. आणि त्याला ओठ ओले करायपुरतं कापसानं दिलं.”

मी काही बोलले नाही. ती पुढे म्हणाली, “दुसऱ्या दिवशी मांगायचं थांबलं. मला वाटलं, उतार पडला.”

यात दोष कोणाचा, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. पणजीचा म्हणावा, तर तिने आपल्या सासूकडून शिकलेले सांगितले. डॉक्टरांचा म्हणावा, तर ढाळ लागलेल्याला उपाशी ठेवा, आतड्याला विसावा द्या, हेच त्या काळी मोठमोठ्या देशांतले वैद्यकही सांगत होते. मूल ढाळाने मरत नाही, ढाळातून जे पाणी आणि मीठ जाते त्याच्या अभावी मरते, आणि पाण्यात मिठाबरोबर साखर असली तर आजारी आतडेसुद्धा ते पाणी शोषून घेते, ही गोष्ट शास्त्राला पुरती कळायला 1960 नंतरची वर्षे उजाडावी लागली. 1971 मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांची छावणी बनगावला होती. तेथे पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी करून ते नातेवाइकांच्याच हाती दिले: पाजा. मृत्यूंचे प्रमाण झरझर उतरले. पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा शोध म्हटले. लिटरभर उकळून निववलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जमशेटजींच्या यंत्रासारखे यात काही यंत्र नाही. हे सारे साहित्य 1949 मध्ये आमच्या माजघरात, आजीच्या हाताच्या अंतरावर होते. तिच्या पन्ह्यातसुद्धा मीठ आणि गूळ पडतच होता! ऊन लागलेल्या पोराला पाजायचे ते पन्हे ढाळ लागलेल्या पोराला मात्र वर्ज्य होते.

याच नागपुरात 1958 मध्ये पाणीपुरवठा, सांडपाणी आणि त्यांपासून होणारे रोग यांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने एक संशोधन संस्था काढली. तीच पुढे 1974 पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या आवारावरून मी रोज बसने जाते. नागपूरच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात, आणि लढाईला प्रकरण.

आजीविषयी आमच्या साऱ्या भावंडांची एक तक्रार होती. ती रात्री उठवून पाणी पाजे. ऐन साखरझोपेत खांदा हलवून, “ऊठ, घोटभर घे,” असे म्हणे, आणि न उठणाऱ्याच्या ओठांना भांडे लावी. आम्ही तिला ‘प्याऊ’ म्हणत असू. आमच्याकडे रस्त्यावरच्या पाणपोईला प्याऊ म्हणतात. दारावर आलेला पोस्टमन, भाजीवाली, वर्गणी मागायला आलेली पोरे, कोणीही पाणी प्यायल्याशिवाय परत गेले नाही. माझ्या एका चुलतभावाला 1989 च्या उन्हाळ्यात ढाळ-वांती झाली, तेव्हा दवाखान्यातून आणलेली साखर-मिठाची पुडी तिने पाण्यात विरघळवली आणि चमच्या-चमच्याने रात्रभर पाजत राहिली. आईने दोनदा “मी बसते, तुम्ही पडा” असे सांगितले. ती हलली नाही. पहाटे भाऊ भूक लागली म्हणाला, तेव्हा ती उठून विहिरीकडे गेली आणि पुष्कळ वेळ परत आली नाही. वेड्यासारखी काळजी करते, असे आम्ही म्हणालो. आम्हांला काय ठाऊक!

1950 ची वहीही पेटीत होती. वाळवीने अर्धी खाल्लेली. चैत्रातली कुंभाराची नोंद मात्र शाबूत आहे. आदल्या वर्षीचे एक मूल कमी झाले होते. बोळकी पुन्हा सहाच.

ते सहावे बोळके कोठे जाई ते मी स्वतः पाहिले आहे, पण त्याचा अर्थ मला वही सापडल्यावर लागला. अक्षय तृतीयेच्या दिवशी पितरांच्या घागरीशेजारी आजी एक लहानसे बोळके पाण्याने भरून ठेवी. भटजींनी एकदा विचारले, हे कोणाचे? तर म्हणाली, “असू द्या.” लहान मुलाला पितर मानीत नाहीत, त्याचे तर्पण नसते, शास्त्र तिला ठाऊक होते. पूजा झाली की ते पाणी ती घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाला पाजी. काही वर्षे ते मला मिळाले. मग माझ्या धाकट्या भावाला मिळू लागले तेव्हा मी रुसून बसले होते.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. वाडा गेला, विहीर बुजवली, घरात सोळा माणसे जमत नाहीत आणि जमली तरी त्यांना बाजा लागत नाहीत. आमच्या विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्या सुट्टीत एक-दोन आठवडे भाचरे येतात, कूलरपुढे बसतात आणि कैरी मीठ लावून खातात. यंदाच्या अक्षय तृतीयेला मी कुंभाराकडून एक घागर आणि एक बोळके आणले. भाच्याची मुलगी तीन वर्षांची आहे. तिने ते बोळके दोन्ही हातांनी धरून तळ दिसेपर्यंत पाणी प्यायले, सगळे फ्रॉकवर सांडले, आणि बोळके पुढे करून म्हणाली, “अजून.”

मी माठ उघडला.